बाबांचा डोंगर

आता तुमच्यापासून काय लपवू! चहा पिता पिता हसून घ्या, पण मी भर डोंगरावर भलत्याच दगडांच्या गळ्यात पडून रडलोय.

माझे बाबा सर्वे खात्यात होते. दर हिवाळ्यात गडचिरोलीच्या डोंगरांत नकाशे काढायला जायचे. आम्ही इकडे मूल गावात वाट बघायचो. परतले की दाढी वाढलेली, अंगाला धुराचा वास आणि तोंडी एकच डोंगर! त्याच्या माथ्यावर त्यांनी दगड रचून खूण केली होती, लांबून दुर्बिणीत दिसावी म्हणून. "तुले नेईन एकदा," म्हणायचे. नेणं राहिलंच. बाबा गेले.

यंदा निवृत्त झालो आणि त्यांच्या वेळचा नकाशा घेऊन निघालो. सोबत बायको, सुनंदा. शाळेत भूगोल शिकवायची. पायथ्याशीच म्हणाली, "अहो, नकाशा उलटा धरून राह्यले तुमी!"

बापाचा नकाशा मुलाला वाचता येऊ नये? मी ऐकतो काय!

वाट दाखवायला गावातले मासूभाऊ आले. धापा टाकत माथा गाठला, तर समोर दगडांचा ढीग!

मी मिठीच मारली हो! "बाबा, आलो! उशीर झाला, पण आलो!" नारळ फोडला. हुंदके आवरेनात. बघतो तर मासूभाऊही दुपट्ट्याने डोळे पुसतायत!

"भाऊ, तुमी ओळखत होते बाबाले?"

"नाई जी. पन टॉवरच्या कामावर मानूस गेला, हे गावात कोनी सांगतलंच नाई!"

"टॉवर? कोनता टॉवर?"

"मोबाइलचा. हे गोटे त्याहीनंच टाकले ना, मागच्या उन्हाळ्यात."

सुनंदाने माझ्या हातातून नकाशा घेतला आणि सरळ केला. बाबांचा डोंगर दरीच्या पलीकडे होता. ऊन कललं होतं. आता तिथे जाणं शक्य नव्हतं.

"रडले तं रडले भाऊ," मासूभाऊ म्हणाले. "लेकरू कुठूनबी रडलं तं बापाले आयकू येते."

मी कड्याशी उभा राहिलो. मधे नुसतं सागाचं रान, आणि पलीकडे तो, निळसर. लहानपणापासून ज्याच्या गोष्टी ऐकल्या तो डोंगर डोळ्यांसमोर, आणि पाय पोचेनात! हात जोडले, डोळे मिटले. "बाबा, पुढच्या हिवाळ्यात नक्की येतो."

सुनंदाने हळूच माझे खांदे धरले आणि मला जरासं वळवलं.

"तो नाई हो. त्याच्या बाजूचा."