मोडून पाहिलेल्या सुऱ्या

त्या दुकानात तंबू, दोर, बूट सगळं मिळायचं, पण लोक यायचे सुऱ्यांसाठी, आणि सुरी घ्यायची तर गाठ वहिनींशी. अख्खी पेठ त्यांना वहिनीच म्हणायची, कारण गल्ल्यावर बसणारा त्यांचा दीर दिवसभर 'वहिनी, वहिनी' करत असे.

गिऱ्हाईक आधी धार बघणार, की वहिनी खेकसल्याच. "धार काय, दगडावर घासली की येते! मूठ बघा. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग गेलंय का बघा. घडीची सुरी सफरचंद कापायला ठेवा. रानात लाकडं फोडायचीत ना? मग पातं जाड हवं, आणि उगाच तलवारीएवढं लांब नको." एवढ्यावर भागायचं नाही. नवा माल आला की त्यातली एक सुरी त्या मागच्या खोलीत व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळायच्या आणि मुठीवर सगळा भार टाकायच्या. मोडली, तर अख्खी खेप परत.

"वहिनी, आपण विकायला बसलोय की मोडायला?" दीर कपाळाला हात लावायचा. कारण माहीत असल्यामुळे त्यापुढे मात्र बोलायचा नाही.

वहिनींचे यजमान डोंगरवेडे. एका वाढदिवसाला वहिनींनी त्यांना दुकानातली सगळ्यात देखणी सुरी दिली. पोकळ मूठ, आत आगकाड्या, टोपणात होकायंत्र. इतकी वर्षं सुऱ्या विकणारी बाई, पण दिसण्यावर भाळली! भर पावसात कड्यावरून घसरताना यजमानांनी ती फटीत रोवली असणार. खाली सापडले तेव्हा हातात नुसती मूठ होती.

तेव्हापासून गिऱ्हाइकाने सुरी हातात घेतली, की वहिनींना पातं दिसेनासं व्हायचं. दिसायची ती मूठ, आणि तिच्याभोवती यजमानांची बोटं, ओली बाही. दुपारी शटर अर्धं ओढून डोळा लागला की मागच्या खोलीत कट्कन आवाज. जाऊन पाहावं तर व्हाइस रिकामा. वहिनी घाबरायच्या नाहीत. "आलात का? बसा," म्हणायच्या आणि मग हुंदके देऊन रडायच्या.

अशात एके दिवशी लेक म्हणाली, "आई, मैत्रिणींबरोबर रानात मुक्कामाला चाललेय. बाबांच्याच डोंगरात. मला चांगली सुरी दे."

वहिनी नाही म्हणाल्या नाहीत. "टिकणारी मिळाली की जा," एवढंच म्हणाल्या, आणि व्हाइसकडे वळल्या. पहिलीची मूठ निखळली. दुसरीचं पातं चिरलं. तिसरी चांगली होती हो! पण वहिनींनी तिच्या मुठीवर लांब लोखंडी पाइप चढवला आणि पाइपला लोंबकळल्या. असल्या छळापुढे काय टिकणार? तीही गेली. दीर काही बोलायला निघाला, तसा वहिनींनी डोळे वटारले.

शेवटी लेकीने स्वतः एक काढली. काळपट, कार्बन स्टीलची, गंज धरते म्हणून कोणी न घेतलेली. वहिनींनी पाइप चढवला, अंग टाकलं. पातं वाकलं. सोडलं, तर सरळ. पुन्हा दाबलं, पुन्हा सरळ. वहिनींना घाम फुटला. त्या इकडेतिकडे हातोडा शोधायला लागल्या.

लेकीने त्यांचं मनगट धरलं. "आई, ही मोडायलाच हवीय ना तुला?"

वहिनी मटकन खाली बसल्या. "हो गं. मोडली असती तर तू घरी राहिली असतीस." आजवर हे त्यांनी स्वतःलासुद्धा कबूल केलं नव्हतं.

"तू म्हण, मी नाही जात," लेक म्हणाली. आणि ती खरंच राहिली असती, हे वहिनींना तिच्या तोंडावरून कळलं. एका शब्दाचं काम होतं.

मग वहिनी उठल्या. व्हाइस सैल केला, सुरी पुसली, तेलाचा हात फिरवला. "ओली असताना म्यानात घालू नकोस," त्या म्हणाल्या. "कापड बरोबर ने."

त्यांनी सुरी पुढे केली. लेकीने घ्यायला हात लावला, पण वहिनींची पकड काही सुटेना. लेकीला त्यांचं एकेक बोट सोडवून ती घ्यावी लागली.