वळणावरून परतलेली मिरवणूक

गावाने कबड्डीची फायनल जिंकली, त्याच दुपारी ग्रामसभा होती. सभेपुढे आमच्या बौद्धवाड्याचा रस्ता होता. पावसाळ्यात तिथल्या काळ्या मातीत चप्पल रुतून बसते आणि आजारी माणसाला खाटेवर घालून डांबरीपर्यंत न्यावं लागतं. आई कित्येक वर्षं या सभेची वाट पाहत होती. पण सभेला माणसंच भरली नाहीत, म्हणून ती तहकूब झाली. भरणार कुठून? सगळं गाव मैदानावर होतं, अर्धी आमची गल्लीसुद्धा. शेवटची चढाई माझ्या धाकट्या भावाची होती.

मीही तिथे होते. मी खामगावच्या इंग्रजी शाळेत शिकले. गावात माझं बोलणं कमी. लोक त्याला गर्व समजतात आणि मीही कधी खुलासा करत नाही. भाऊ दोघांना बाद करून रेषेवर आडवा पडला, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या पाटलांच्या सुनेनं माझा हात गच्च धरला. तोवर ती माझ्याशी एक शब्दही बोललेली नव्हती.

"तुहाच भाऊ ना वं तो?" म्हणाली आणि रडायलाच लागली. मलाही रडू आलं. ते खोटं नव्हतं. म्हणून तर जास्त राग येतो.

आमच्याकडे जिंकलेला संघ ट्रॅक्टरवर बसून गल्लीगल्लीत फिरतो. प्रत्येक गल्लीत पहिल्या घरची बाई खेळाडूंच्या पायांवर पाणी घालते. आमच्या गल्लीत पहिलं घर आमचंच. आई भरलेली कळशी घेऊन दारात उभी होती. डीजे जवळ आला आणि वळणावर थांबला.

"तिकडे ट्रॅक्टर फसते ना बे," सरपंच भावाला म्हणाले. "तू इथंच उतर. माय तुहीच हाय, घे घरी पाणी घालून."

पोरं हसली. भाऊही हसला, उतरला आणि गळ्यातला हार सावरत चिखलातून एकटा आला. ट्रॅक्टर मागे वळला. आईने त्याच्या पायांवर पाणी घातलं.

सामना होता म्हणून रस्त्याची सभा बुडाली आणि रस्ता नाही म्हणून सामन्याची मिरवणूक आली नाही. गावाच्या ग्रुपवर मात्र रात्रीपर्यंत 'एक गाव, एक संघ' फिरत होतं. खाली अंगठ्यांची रांग.

पुढच्या आठवड्यात सरपंच आमच्या दारात आले. पायी. पँट दुमडलेली, चपला हातात. तालुक्याच्या सामन्यांसाठी त्यांना भाऊ हवा होता. आईने खुर्ची दिली.

"आज आलेच ना तुम्ही चिखलातून," मी म्हणाले. "मग त्या दिवशी काऊन नाही आले?"

"बोलते का हे पोरगी?" ते आईकडे पाहून हसले. "मले वाटे, हिले इंग्रजीच येते."

"सभा कधी घेता?"

"घेऊ ना बाई. तालुका जिंकू द्या. मंग आमदारसाहेबच येतात सत्काराले. तवा काढू रस्त्याचा विषय."

भावाने बूट उचलले. "जिंकलो तं विषय तरी निघीन, ताई," तो मला हळूच म्हणाला. "हरलो तं कोणी इचारत बी नाही."

तो त्यांच्यामागे निघाला. संघातले बाकीचे सहा जण कपासाठी खेळणार होते. याला रस्ता जिंकून आणायचा होता, जो त्यांच्या गल्ल्यांना न खेळताच मिळाला.