गणितात एक्याऐंशी

"आई अंगठा लावते आणि पोरीला गणितात एक्याऐंशी?"

कॉलेजच्या खिडकीमागचे हेडक्लार्क हे मोठ्याने म्हणाले. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. रांग हसली. माझी आय पण हसली. तिला वाटलं, पोरीचं कौतुक चाललंय.

मी मुरब्याची, खाडीपलीकडच्या कोळ्यांच्या गावची. बाप होडीवर, आय बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. बारावीपर्यंत पोचलेली आमच्या आळीतली मी पहिली. तेव्हा पालघरात झेरॉक्स आली नव्हती. गुणपत्रिकेची नक्कल हाताने लिहायची, तिच्यावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का घ्यायचा, की ती 'खरी प्रत' झाली. ती अर्जाला जोडायची. त्या प्रतीवरून कॉलेज आपले गुण वहीत चढवणार आणि त्या वहीवरून यादी लागणार. म्हणजे आपण किती हुशार, हे शेवटी खिडकीतला माणूस काय वाचतो त्यावर.

माझ्या पुढे एका वकिलांचा मुलगा होता. त्याची प्रत क्लार्कनी पाहिलीसुद्धा नाही. "बाबा बरे आहेत ना?" विचारलं आणि शिक्का मारला.

माझी प्रत त्यांनी उजेडात धरली. उलटी करून पाहिली. मग टेबलावरच्या ओल्या स्पंजवर अंगठा दाबला आणि गणिताच्या आकड्यावर घासला. शाईच ती. पसरली.

"बघा. खाडाखोड."

"बाजूला अक्षरी पण लिहिलंय, सर."

"ते पण तूच लिहिलंस का?"

पुन्हा हशा. त्यांनी माझ्या अर्जावर पेन्सिलीने लिहिलं, 'संशयित'. आणि प्रत माझ्याकडे सरकवली. बोटाच्या टोकाने. रुमाल नाकाला.

बाहेर आल्यावर आय म्हणाली, "काय झाला गो?"

"काय नाय. एक कागद राहिला."

त्यांनी केलेला अपमान मी लपवला. त्यांच्यासाठी आयशी खोटं बोलले. याची लाज मला आजही जास्त वाटते.

आयला बाजाराला पाठवून मी तशीच शाळेत गेले. मुख्याध्यापकांनीच मला दोन वर्षं गणित शिकवलेलं. त्यांनी डागाळलेली प्रत पाहिली, मग माझ्याकडे.

"तू काही केलं नाहीस ना?"

मी मूळ गुणपत्रिका पुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. ज्यांनी शिकवलं त्यांनी. मग नवी प्रत लिहून दिली आणि म्हणाले, "उद्या शेवटची तारीख. वाद घालू नकोस. चूक झाली म्हण. वर्ष जाईल तुझं."

घरी परतताना सातपाटीहून खाडी ओलांडायला होडीत बसले. डोक्यात एकच. कोणती चूक सांगू? पेपर लिहिला ती? की पास झाले ती? आणि मग, कोण जाणे कसं, मी पिशवीतून मूळ गुणपत्रिका काढली. उघडली. आकडा पाहिला. अक्षरी पाहिलं. पुन्हा आकडा पाहिला.

तेव्हा कळलं. मी तपासत होते. मी माझ्यावरच संशय घेत होते. एका दिवसात त्या माणसाने माझे डोळे काढून स्वतःचे बसवले होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. नवी प्रत त्यांनी बघितलीच नाही. हात पुढे केला.

"मूळ दे."

"दाखवते. देणार नाय. मी धरते, तुम्ही वाचा."

खिडकीमागे टायपिंग थांबलं.

"मस्ती आली काय?"

"काल तुम्ही अंगठा घासलात म्हणून शाई पसरली. याला हात लावायचा नाय. वाचा."

मी गुणपत्रिका दोन्ही हातांनी धरली होती, त्यांच्या हाताला लागणार नाही एवढी मागे. कागद वाजत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "वाचा ना साहेब, रांग खोळंबलीय." माझ्यासाठी नाही, रांगेसाठी.

"एक्याऐंशी," ते पुटपुटले.

"अक्षरी पण वाचा."

त्यांनी वाचलं.

"आता वहीत लिहा. आणि अर्जावरची पेन्सिल खोडा."

त्यांनी खोडली. तो शब्द गेल्यावरही कागदावर त्याचा खळगा राहिला.

यादीत नाव लागलं. त्या दिवशी मी आयला खरं सांगितलं. तो माणूस तुला हसला होता. आय मासळी साफ करत होती. सुरी थांबली.

"मंग मी पन हसले त्यांच्यासंगती?"

कॉलेजच्या तीन वर्षांत ती त्या आवारात पुन्हा आली नाही. मी बोलावलं तरी.

पुढे मी बोईसरला गणिताची शिक्षिका झाले. निकाल लागला की पोरी गुणपत्रिका दाखवायला येतात. मी अभिनंदन करते, पण तेवढ्यावर सोडत नाही. यादीवर विश्वास ठेवू नका म्हणते. आपले गुण वहीत काय चढलेत ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि कुणी शंका घेतली तर तिथल्या तिथे गणितं सोडवून दाखवायची नाहीत. आपली हुशारी सिद्ध करायची जबाबदारी आपली नाही. त्यालाच विचारायचं, रांगेत माझ्या पुढे होता त्याला का नाही विचारलंस? आणि उत्तर मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही.