पातेल्यातली दुसरी मूठ

थोरलीच्या हाताला चव आहे, हे त्या पाइपांच्या कारखान्यात कुणाला सांगावं लागत नसे. रोज दुपारी दोनशे माणसं तिच्या हातचं जेवायची आणि बोटं चाटत मशीनवर परत जायची. ती काही कुणाची थोरली बहीण नव्हे. कॅन्टीनमध्ये बायका दोन, म्हणून एक थोरली आणि एक धाकटी, एवढंच. धाकटी तिच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच होती, पण आली मागून, म्हणून धाकटी. अकरा वर्षं दोघी एकाच चुलीपाशी उभ्या होत्या आणि त्यांच्यात कधी वाकडा शब्द झाला नव्हता. यातच सगळी गोम होती, पण ती पुढे कळेल.

थोरलीचा नवरा त्याच कारखान्यात क्रेन चालवायचा. शेडच्या छताखालून धावणारी मोठी क्रेन, लोखंडी शिडी चढून जायचं आणि काचेच्या केबिनमध्ये बसायचं. बावीस वर्षं तो तिथे बसला. पाइपांची मोळी उचलायची, घंटा वाजवून खालच्यांना बाजूला करायचं आणि मोळी अशी अलगद ठेवायची की खाली टक्कनसुद्धा आवाज येऊ नये. घंटेच्या बाबतीत तर गडी भलताच कडक. भार नसताना उगाच घंटा वाजवणाऱ्या दुसऱ्या पाळीच्या ड्रायव्हरला त्याने एकदा सगळ्यांसमोर झाडला होता.

तर अशा माणसाला वर्षाच्या तपासणीत कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी खाली उतरवलं. रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे चोपन्न.

"गोळी घेता ना वेळेवर?" बाईंनी विचारलं.

"रोज घेतो."

"मग मीठ कमी करा. मनापासून करा. बारा आठवड्यांनी पुन्हा बघू. एकशे चाळीसच्या आत आलात तर शिडी चढा. नाहीतर क्रेन दुसऱ्याला द्यावी लागेल, कायमची. वर चक्कर आली तर खाली माणसं असतात."

बाईंचं काही चुकलं नव्हतं. पण बावीस वर्षं वरून कारखाना बघितलेल्या माणसाला स्टोअरमध्ये स्टुलावर बसवून हातमोजे वाटायला लावलं, तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं. वर एक नवा फिटर क्रेन चालवू लागला. मोळी झुलायची, धाडकन आदळायची. प्रत्येक आवाजाला हा मान वर करून बघायचा आणि मग पुन्हा मोजे मोजायचा. घरी आला की बोलायचा नाही. थोरलीला ते बघवेना. बोलका नवरा गप्प झाला की घर खायला उठतं, आणि बडबड्या बाईला तर जास्तच.

"अहो, बारा आठवडे आहेत हातात," ती म्हणाली. "मी आहे ना. तुम्हाला वर चढवते की नाही बघा."

बाईने मनावर घेतलं की घेतलं. घरातली मिठाची बरणी पहिल्याच दिवशी माळ्यावर गेली. केबिनमध्ये चघळायला तो खारे दाणे न्यायचा, ते आता स्टोअरमध्येही बंद. रात्रीच्या जेवणात लिंबू, लसूण, मिरी, भाजलेलं जिरं यांच्यावर भागवायचं. नवरा पहिले चार दिवस ताटाकडे असा बघायचा, जणू कुणी त्याला शिक्षा वाढली आहे. पण जेवला बिचारा.

पण दुपारचं काय? दुपारी तो कॅन्टीनमध्येच जेवायचा, बायकोच्याच हातचं. आता दोनशे माणसांच्या पातेल्यात एकट्या नवऱ्यासाठी मीठ कमी कसं करायचं? थोरलीने केलं. कुणाला न सांगता केलं. मोठ्या पातेल्यात रस्सा उकळायला लागला की ती आठ मुठी मीठ टाकायची. पहिल्या आठवड्यात सात केल्या. आता तोंडं वाकडी होणार, मुकादम ताट घेऊन येणार, इतक्या वर्षांचं नाव मातीत जाणार. झालं काय, तर काहीच नाही. माणसं जेवली, ढेकर दिली, गेली.

तिसऱ्या आठवड्यात सहा मुठी. तरी कुणाच्या कपाळावर आठी नाही. थोरलीची कॉलर ताठ झाली. "माझ्या हातालाच चव आहे, मिठाला कोण विचारतंय," असं तिने नवऱ्याला ऐकवलंसुद्धा.

सहाव्या आठवड्यात मधली तपासणी झाली. एकशे बावन्न.

थोरलीने कपाळाला हात लावला. सहा आठवडे जिवाचा आटापिटा केला आणि आकडा दोनने खाली? संध्याकाळी घरी आल्यावर नवऱ्याने केबिनची आपली किल्ली खिशातून काढून खिळ्याला अडकवली. बावीस वर्षं ती त्याच्या खिशातून हलली नव्हती. त्या रात्री थोरलीने डोकं चालवायला घेतलं. दोनशे माणसं. त्यात तो वेल्डर, ज्याला गार पाण्यातही खोट सापडते. त्यात मुकादम, ज्याला लोणचंही अळणी लागतं. अशा माणसांपैकी एकानेही कुरकुर केली नाही? ही काही चव नव्हे. इथे पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने सहा मुठी टाकल्या, भात बघायला म्हणून मागच्या खोलीत गेली आणि दाराआड उभी राहिली.

धाकटी आली. डाव बुडवला, तळहातावर थेंबभर रस्सा घेतला, चाटला. इकडेतिकडे बघितलं. मग फळीवरची बरणी काढली आणि एक, दोन, तीन, चार मुठी टाकून पातेलं ढवळलं. पुन्हा चाटलं. मान डोलावली.

थोरली बाहेर आली तेव्हा धाकटीचा हात बरणीतच होता.

"किती दिवस चाललंय हे?"

धाकटीने हात बाहेर काढला. "ताई, रागावू नका."

"किती दिवस?"

"पहिल्यापासून."

मग सगळं बाहेर आलं. अकरा वर्षांपूर्वी धाकटीच्या पहिल्याच दिवशी एका भट्टीवाल्याने ताट परत केलं होतं, अळणी आहे म्हणून. ते तिने मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून वाढायच्या आधी चाखायचं आणि दोन मुठी टाकायच्या. थोरलीला वाईट वाटू नये म्हणून बोलायचं नाही. आणि गेले काही आठवडे तर चव फारच उतरली होती. "मला वाटलं, घरच्या काळजीत तुमचं लक्ष नसतं. म्हणून मी सांभाळून घेत होते."

सांभाळून घेत होती. थोरली पिंपावर बसली. एकीकडे ती उपसत होती, दुसरीकडे ही भरत होती, आणि मधे तिचा नवरा स्टुलावर मोजे मोजत होता. राग आलाच. पण त्याहून झोंबली दुसरीच गोष्ट. इतकी वर्षं ज्या चवीवर ती मिरवत आली, त्या चवीतल्या दोन मुठी तिच्या नव्हत्याच. आणि उरलेली चव तरी काय होती? मीठच की.

रस्सा उकळत होता.

"सहा आठवडे राहिलेत," थोरली शेवटी म्हणाली. "त्यांना वर चढवायचंय. एकटीने जमणार नाही हे आता दिसलंच."

धाकटी डोळे पुसत म्हणाली, "सांगितलं असतंत तर मी हात तोडून घेतला असता, ताई."

"हात ठेव. लसूण सोलायला लागेल."

त्या दिवसापासून मूठ बंद झाली. स्टीलची एक वाटी घेतली, मीठ भरायचं आणि सुरीने वर सपाट करायचं. दोघींच्या मुठी मिळून रोजच्या सहा वाट्या भरत होत्या. ठरलं असं की दर आठवड्याला अर्धी वाटी कमी करायची, एकीने टाकायची आणि दुसरीने बघायची. जिभेला कळायच्या आत जिभेला वळण लावायचं. टेबलांवरच्या मिठाच्या डब्या उचलून खिडकीपाशी ठेवल्या. ज्याला हवं त्याने उठून घ्यावं. दोनशे माणसांत उठायचा कंटाळा नसलेली दहासुद्धा निघाली नाहीत. लसणाची फोडणी वाढली, टोमॅटो वाढले, वाढताना लिंबाची फोड आली. वेल्डरने पहिल्या आठवड्यात नाक मुरडलं. थोरलीने त्याला सगळ्यांदेखत सांगितलं, "तुझ्या वेल्डिंगला मी नावं ठेवते का?" चौथ्या आठवड्यात त्यानेच रस्सा दोनदा मागून घेतला.

बारावा आठवडा भरला. तपासणी सकाळी दहाला होती. अकरा वाजले, नवरा काही फिरकला नाही. थोरलीने तीनदा दारापर्यंत जाऊन बघितलं. सपाट केलेल्या तीन वाट्या पातेल्यात पडल्या होत्या. धाकटी लसूण सोलत होती आणि तिच्याकडे बघायचं टाळत होती.

आणि शेडमधून घंटा वाजली.

एकदा वाजली, दोनदा वाजली, तिसऱ्यांदा लांबलचक वाजली. धाकटीने खिडकीतून डोकावून बघितलं. "ताई, क्रेनला भार तर काहीच नाही."

उगाच घंटा वाजवणारा तिचा नवरा नव्हता, आणि आज कुणासाठी वाजवतोय हे थोरलीला सांगायला नको होतं. पदराने तोंड पुसून ती पातेल्याकडे वळली आणि भराभरा ढवळायला लागली.

दुपारी तो जेवायला आला. चालच बदलली होती गड्याची. "एकशे छत्तीस," तो म्हणाला. "बाईंनी दोनदा मोजलं. गोळी चालूच ठेवायची. किल्ली आणायला घरी जाऊन आलो, म्हणून उशीर झाला." ताट घेऊन बसला, पहिला घास घेतला आणि थांबला.

"आज मीठ जास्त झालंय का गं?"

धाकटीने दोन्ही हात वर केले. "मी नाही हं."

थोरलीने पातेल्याकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे. "घंटा वाजली ना," ती म्हणाली, "तेव्हा माझाच हात गेला असेल. एकच मूठ."

नवरा हसायला लागला. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसला. दोनशे माणसांत एकालाही न कळलेली एक मूठ त्याच्या जिभेला कळली होती. धाकटी उठली, फळीवरून मिठाची बरणी उचलली आणि आपल्या बाजूला, थोरलीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवून दिली.