रेझिनमधले गुलाब माझे नव्हते

लग्न झालं त्याच संध्याकाळी शिरोळहून पुण्याला निघाले, तेव्हा गळ्यातला हार काढून मी मांडीवर घेतला होता. आमच्या बांधावरच्या देशी गुलाबांचा हार. फुलं अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहाटे स्वतः तोडली होती, आत्यानं ओवली होती. गाडी सुटताना आई खिडकीतून म्हणाली, "वाळला की नदीत सोड गं. घरात ठेवू नगंस." अप्पांनी जावयाच्या खांद्यावर थाप मारली आणि ते गोठ्याकडं वळले.

मी हार नदीत सोडला नाही. लग्नातली फुलं रेझिनमध्ये घालून देणारी एक बाई पुण्यात आहे, असं ऑफिसातल्या मैत्रिणीनं सांगितलं होतं; लग्नाआधीपासूनच मी पुण्यात नोकरीला होते. काचेसारख्या ठोकळ्यात फुलं कायमची राहतात म्हणे. पोचल्यावर पहिल्यांदा तिच्याकडंच गेले.

त्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी शेतात शिरलं. ऊस कसाबसा तगला, गुलाब मुळासकट कुजले. अप्पांनी त्या जागेवरही ऊसच लावला. फोनवर एवढंच म्हणाले, "जाऊ दे की. तुझ्याकडं हाईत न्हवं?"

मग ठोकळा घरी आला. खोक्यातून काढला आणि बघतच राहिले. आत गडद लाल, लांब पाकळ्यांचे गुलाब. हॉलच्या स्टेजवर लावतात तसले. माझे फिकट गुलाबी, बुटके, चुरगळलेल्या पाकळ्यांचे होते. नितीन, माझा नवरा, म्हणाला, "अगं, पण छान दिसतंय." माझं डोकंच फिरलं. छान हवं म्हणून दिला होता का मी हार?

तशीच त्या बाईच्या स्टुडिओत गेले.

"मॅडम, ते गावठी गुलाब होते. काळे पडले. म्हणून मी चांगले घातले."

"माझे कुठं आहेत?"

"टाकले. खराब झाले होते ना."

"मला विचारलंत?"

"अहो, कुणाला कळतही नाही," ती हसून म्हणाली.

हे 'चांगलं' पुण्यात आल्यापासून ऐकतेय. माझं 'हाय की' मीटिंगमध्ये चांगलं वाटत नाही. मोठ्यानं हसणं सोसायटीत चांगलं दिसत नाही. मी बदलले. तुमच्यातले जे गाव सोडून आलेत, तेही बदललेच असतील. पण ते मी माझ्या हातानं केलं होतं. या बाईनं माझ्या बापाची फुलं मला न विचारता कचऱ्यात टाकली, आणि वर उपकार केल्यासारखी हसत होती!

तिच्यासमोरच अप्पांना फोन लावला. वाटलं, ते 'जाऊ दे' म्हणतील. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग आवाज आला, "आमच्या फुलाला वाईट म्हणाली व्हय? दे तिला फोन."

मी स्पीकर चालू केला.

"ओ ताई, काळं पडलं तर काळंच द्यायचं हुतं. लेकीचं हुतं ते. तुमाला कुणी सांगितलं बदलायला?"

बाईचं हसू गेलं. "सॉरी काका," ती पुटपुटली. तेवढ्यात आईनं फोन हिसकावला. "आन् वासाचं काय केलंस, बाई? तुझ्या त्या लाल फुलाला वास तरी हाय का?" मागून अप्पा ओरडत होते, मला बोलू दे, मला बोलू दे. पलीकडं त्या दोघांचंच भांडण जुंपलं. मी फोन हातात धरून ऐकत राहिले, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

ठोकळा तिच्याच टेबलावर ठेवून मी निघाले. फुलं गेली ती गेलीच. राग अजून आहे, आणि तो विझू नये असंच वाटतं.

शिरोळमध्ये आता माझी खोलीही राहिलेली नाही, भावाची पोरं तिथं अभ्यासाला बसतात. गेले की पाहुण्यासारखी बाहेरच्या सोप्यात झोपते. तरी कुणी घर कुठलं विचारलं, तर तोंडातून तेच नाव येतं. माझं काही हिरावलं गेलं, तर माझ्या आधी चिडणारी दोन माणसं तिथं राहतात.