नानांची दाढी आणि माझे अकरा रेझर

गेल्या रविवारी शिरपूरला, सासुरवाडीला गेलो होतो... आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसाची दाढी केली.

मी जळगावला एका कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरी करतो आणि मला दाढीचा छंद आहे. वाढवायचा नाही, करायचा! जुन्या पद्धतीचा जड धातूचा रेझर, ब्रश, वाटीत घोटलेला साबणाचा फेस... सकाळची ती वीस मिनिटं माझी असतात.

पाच वर्षांत अकरा रेझर जमले. साबणाच्या डब्या तर मोजायच्याच सोडल्या. चेहरा मात्र एकच... शेवटी जानेवारीत आमच्या छंदाच्या ग्रुपवर जाहीर केलं की वर्षभर नवीन काही घेणार नाही. बायको, सुनंदा, फक्त हसली. पण मी पाळलं, अगदी दिवाळीच्या सेलमध्येसुद्धा.

उलट काही वस्तू विकायला काढल्या. त्यातला एक रेझर मात्र कुणीच घेईना. फारच मवाळ होता तो, माझी राठ दाढी त्याने निघायचीच नाही. वाया गेलेली खरेदी म्हणून मीच ग्रुपवर त्याची चेष्टा केली होती.

आता नानांबद्दल. नाना म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते. पहाटेची गाडी असो की सुट्टी, दाढी केल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकलं नाही त्यांनी.

गणपतीच्या दिवसांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला वाकलं. बोलणं हळूहळू परत आलं, हात काही आला नाही... आणि दाढी वाढत गेली.

रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू, म्हणून घरचे ब्लेडला घाबरत होते. नेहमीच्या सलूनवाल्याला घरी बोलावलं, तर नानांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मेहुण्याने, राजूने, ट्रिमर लावून पाहिला. केस ओढले गेले, तशी नानांनी डाव्या हाताने तो ढकलून दिला.

त्यात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. हल्ली घरबसल्या मोबाइलसमोर चेहरा धरला की होतं ते काम. राजूने मोबाइल धरला, नानांनी स्क्रीनवर स्वतःला पाहिलं आणि म्हणाले, "हाऊ मी नही." हा मी नाही... आणि डोळे मिटून घेतले. रोज तेच. मुदत संपायला आठवडा उरला होता.

शनिवारी राजूचा फोन आला. तो ठेवल्यावर सुनंदा उठली, कपाटातून माझा रेझरचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. पाच वर्षांत तिने त्या डब्याला पहिल्यांदाच हात लावला होता. "उद्या हे घेऊन चला," एवढंच म्हणाली.

खरं सांगतो, दुसऱ्याच्या गालाला मी कधी ब्लेड लावलं नव्हतं. पण आत कुठेतरी खात्री होती की हे मला जमेल. नानांच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, तेही जपून करा म्हणाले.

शिरपूरला पोचल्यावर खाटेशेजारी सगळं सामान मांडलं. तीन रेझर, दोन ब्रश, चार साबण. नाना बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "हाई बठ्ठं कसाले?"

एवढं सगळं कशाला... खरंच की. एक ब्रश आणि एक साबण ठेवला, बाकीचं पिशवीत टाकलं. रेझर घेतला तो मवाळच. नानांच्या सैल पडलेल्या कातडीला तोच हवा होता.

आधी कात्रीने दाढी बारीक केली, मग गरम टॉवेल, मग भरपूर फेस. डावा गाल सोपा गेला. उजवा लोंबत होता आणि नानांना तो फुगवता येत नव्हता. मग बोटं ओल्या तुरटीवर घासली, म्हणजे ती कातडीवरून सटकत नाहीत, आणि गाल कानाकडे ताणून धरला. सुलटा हात, म्हणजे केसांच्या दिशेनेच, अगदी थोडं थोडं... मध्येच थांबून ब्लेड धुवायचं.

ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली, तसे नाना तोंड फिरवू लागले. सलूनवाल्यासमोर त्यांना कशाची लाज वाटली असेल ते मला तेव्हा कळलं. मी फेस पुसावा तशी ती पुसली आणि पुढची दाढी करत राहिलो. त्यानंतर त्यांनी मान सैल सोडली, माझ्या हातावर.

पाऊण तास लागला. रक्ताचा एक थेंबही आला नाही.

सुनंदाने आरसा धरला. नानांनी डाव्या हाताने एक गाल चाचपला, मग हनुवटी, मग तो वाकलेला गाल. मग राजूला म्हणाले, "आन बरं मोबाइल." पहिल्याच वेळी दाखल्याचं काम झालं.

निघताना मी पाया पडलो, तर त्यांनी माझा हात धरून ठेवला. "हात हलका शे तुमना." हात हलका आहे तुमचा... बस, एवढंच. नाना कौतुक करणारे नाहीत.

रेझर तिथेच ठेवून आलोय, आता दर रविवारी शिरपूर. काल नानांसाठी एक मऊ ब्रश मागवला आणि वर्षाचा नियम मोडल्याचं ग्रुपवर कबूलही केलं. जराही वाईट वाटलं नाही.

लग्नाला सोळा वर्षं झाली. इतकी वर्षं मी या माणसाच्या पायाला हात लावत आलो... चेहऱ्याला लावायचा मान परवा मिळाला.