चौऱ्याऐंशी अंशांची सरळ रेघ

ती सोमवारची सकाळ अजून माझ्या मनातून गेलेली नाही. शिकागोच्या बाहेर, शॉमबर्गला लागून असलेल्या एका उपनगराच्या पोलीस खात्यात मी सव्वीस वर्षे नोकरी केली. त्यातली शेवटची अकरा डिटेक्टिव्ह म्हणून. खून-दरोड्यांच्या आठवणी सांगणारे पुष्कळ आहेत. मला मात्र 'तुमची लक्षात राहिलेली केस कोणती' असे कोणी विचारले की सहा ग्राफिक्स कार्डे आठवतात. त्या केसमधली माणसे अजून त्याच गावात राहतात, म्हणून कोणाचे नाव घेत नाही.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. फोन घेणारी आमची सहकारी म्हणाली, "तुझ्या भाषेतला माणूस आहे, फार घाबरलाय." खात्यात मराठी मी एकटाच. त्यामुळे तेलुगू, गुजराती, पंजाबी असे सगळेच तिच्या लेखी 'माझ्या भाषेतले' असत. या वेळी मात्र माणूस खरोखर पुण्याचा निघाला, एका छोट्या कंपनीचा मालक.

"साहेब, चोरी झालीये. सहा सॅम्पल कार्डं. आणि परवा, बुधवारी, चिप कंपनीचे लोक तपासायला येतायत. कार्डं नसली तर आम्ही संपलो."

मी गेलो. औद्योगिक वसाहतीतली बैठी इमारत, अठरा माणसांची कंपनी. कॉम्प्युटरचे पंखे त्यांच्या स्वतःच्या नावाने दुकानात विकले जात, आणि इतर कंपन्यांची बिघडलेली ग्राफिक्स कार्डे ते दुरुस्त करून देत. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, एवढेच मला ठाऊक होते. ते मी तसे सांगितले. मालकांनी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर एक चौकोन काढला.

"असं बघा. चिप बनवणारी कंपनी फक्त चिप बनवते, ही एवढीशी. ती ज्या बोर्डावर बसते तो बोर्ड, वरचे पंखे, बाहेरचं खोकं, हमी, दुरुस्ती, हे सगळं दुसऱ्या कंपन्या करतात. त्यांना बोर्ड पार्टनर म्हणायचं. दुकानात गिऱ्हाईक खोक्यावर जे नाव वाचतं, ते या पार्टनरचं."

"मग तुम्ही व्हा पार्टनर. अडचण काय?"

"आपण म्हणून होत नाही हो! चिप्स मोजक्या आणि मागणारे ढीगभर. कुणाला द्यायच्या ते तिकडे ठरतं. बोर्ड तापतो का बघतात. किती दुकानं तुमचा माल ठेवतील ते विचारतात. आणि माल परत आला तर तुम्ही काय करता, ते तर फारच बघतात. गेल्या खेपेला त्यांच्या बाई आल्या होत्या. मी शोरूमला नवा रंग दिला होता. तिकडे ढुंकूनही बघितलं नाही त्यांनी. सरळ आमच्या काकूंच्या टेबलाशी जाऊन दोन तास उभ्या!"

काकू म्हणजे बिघडून परत आलेला माल हाताळणाऱ्या बाई. वय साठीला आलेले, मूळच्या डोंबिवलीच्या. आलेले प्रत्येक कार्ड त्या आधी ब्रशने झाडत आणि गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत वहीत उतरवत.

मी कपाट पाहिले. कुलूप शाबूत होते, किल्ली कोणालाही मिळेल अशी शेजारच्या खिळ्यावर. खालच्या फळीवर दुरुस्तीला आलेली, बाजारात चांगली किंमत येईल अशी कार्डे तशीच पडून होती. गेली ती फक्त सहा सॅम्पल, पार्टनर होण्यासाठी कंपनीने स्वतः बनवलेली. शेजारच्या गठ्ठ्यातून सहा चंदेरी पिशव्याही गेल्या होत्या. या पिशव्यांमुळे हाताळताना कार्डाला स्थिर विजेचा झटका बसत नाही. माल ओढत, आपटत नेणारे चोर मी पुष्कळ पाहिले होते. मालाला जपणारा चोर पहिल्यांदाच पाहत होतो.

मागच्या दाराला आकडे दाबून उघडायचे कुलूप होते. शनिवारी ते तिघांनी उघडल्याची नोंद होती: मालक, काकू आणि बोर्डाची रचना करणारा इंजिनिअर. हा नागपूरचा मुलगा, वर्क व्हिसावर आलेला. तिघांनाही कामासाठी यावेच लागत होते. इंजिनिअरने माझ्याशी हात मिळवला, तेव्हा त्याचा तळवा ओला होता. पण पोलिसाशी हात मिळवताना निम्म्या जगाचा तळवा ओला होतो, त्यावर मी कधी विसंबलो नाही.

दुपारपर्यंत चोरीची बातमी वसाहतभर झाली होती, आणि ठाण्यात निनावी फोन आला. "वो कंपनीवाली आंटी को मैंने देखा," पलीकडचा माणूस म्हणाला, मग मराठीत सांगू लागला. "शनिवारी पार्सलच्या दुकानात. हातात ग्राफिक्स कार्डची सहा खोकी होती, मोजलीत मी."

सहा कार्डे, सहा खोकी. मी खात्याची गाडी घेऊन काकूंच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडले, माझ्या कमरेचा बिल्ला पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, आत या आधी. उंबऱ्यात उभं राहून कसली चौकशी करता?"

"काकू, शनिवारी तुम्ही सहा खोकी पाठवलीत?"

"हो, सहा. भरली सात होती. एक राहिलंय." त्यांनी ओट्यावरचे खोके माझ्यासमोर ठेवले. वर ग्राफिक्स कार्डाचे झगमगते चित्र होते. आत, कार्डासाठी कापलेल्या फोमच्या खाचेत, बेसनाचे लाडू ओळीने बसवलेले. "फेकून देतात ही खोकी. इतका छान फोम! साध्या डब्यातून लाडू पाठवला की पोचेपर्यंत त्याचा भुगा होतो. यातून पार जॉर्जियात, लेकीकडे अल्फारेटाला, अख्खा जातो."

मी पुरावा मागितला. मागावाच लागतो. त्यांनी अल्फारेटाच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला आणि आजच सकाळी पोचलेले खोके दाखवायला सांगितले. आत लाडवांसोबतच्या चकल्या अर्ध्या संपलेल्या होत्या.

"मम्मी, व्हाय इज देअर अ कॉप इन युअर किचन?"

"लाडवाची चौकशी करतायत," काकू शांतपणे म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "घ्या एक."

तपास चालू असताना घेता येत नाही, घेतला तर रिपोर्टात लिहावे लागते, असे मी सांगितले. "मग लिहा की," त्या म्हणाल्या. मी घेतला नाही. बाहेर आलो तेव्हा समोरच्या दोन घरांच्या खिडक्यांतून लोक आमच्या गाडीकडे बघत होते. ते मला बोचले.

संध्याकाळी टेबलावर बसून मी चोरीच्या मालाची नोंद करायला घेतली. त्यासाठी प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर लागतो. मालकांनी सहा कार्डांचे चाचणीचे कागद दिले होते, नंबर त्यांवरच होते. प्रत्येक कार्ड तासभर जोरात चालवून दर पाच मिनिटांनी त्याचे तापमान लिहिलेले. हाच अहवाल महिन्यापूर्वी चिप कंपनीला गेला होता. नंबर उतरवता उतरवता माझी नजर तापमानाच्या रकान्यावर गेली. पहिला अर्धा तास आकडे वेडेवाकडे चढत होते: एकसष्ट, सदुसष्ट, सहासष्ट, त्र्याहत्तर. तीस मिनिटांनंतर मात्र सहाही कार्डे एकदम शहाण्यासारखी वागायला लागली होती. चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी. सहाही कागदांवर सरळ रेघ.

मला कार्डातले काही कळत नव्हते. पण हे कळत होते, कारण हे मी स्वतः केले होते.

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. तालुक्याच्या गावातले कॉलेज, फिजिक्स विषय. लंबकाचा प्रयोग होता. त्याचे उत्तर किती यायला हवे ते पुस्तकात छापलेलेच असते. मी उत्तर आधी धरले आणि रीडिंग मागाहून बसवली. आम्ही त्याला रीडिंग कुक करणे म्हणत असू. सरांनी जर्नल पाहिले आणि एवढेच विचारले, "इतकं नेमकं घड्याळ आपल्या लॅबमध्ये कुठलं रे?" मी मान खाली घातली. जर्नलवर शेरा मारण्याऐवजी त्यांनी आपली जेवणाची सुट्टी मोडली आणि माझ्याशेजारी उभे राहून दोलने मोजली. माझे उत्तर चुकीचे आले. त्यांनी त्याखाली सही केली. ती सही नसती तर मी पुढे पोलिसाचे रिपोर्ट कसे लिहिले असते, देव जाणे.

मंगळवारी सकाळी इंजिनिअरला ठाण्यात बोलावले. त्याला अटक नव्हती, तो केव्हाही उठून जाऊ शकत होता. हे त्याला दोन्ही भाषांत सांगितले आणि रेकॉर्डिंग चालू केले.

"शनिवारी का आला होतास?"

"काम होतं ना सर. बुधवारची तयारी."

"कार्डं शेवटची कधी पाहिलीस?"

"शुक्रवारी. म्हणजे... शनिवारी पण असतील. लक्षात नाही."

मी कागद पुढे सरकवला. "हे आकडे तू लिहिलेस?"

"हो."

"अर्ध्या तासानंतर कार्ड तापायचं थांबलं?"

त्याने कागद स्वतःकडे ओढला. मी घाई केली नाही. माणूस खोटे बोलण्याच्या बेतात असतो तेव्हा त्याच्याकडे रोखून पाहू नये, चहा ओतावा. मी चहा ओतला आणि म्हणालो, "काल मी काकूंकडे जाऊन आलो. त्यांच्याविरुद्ध टिप आली होती."

त्याने झटकन मान वर केली. "काकूंकडे? पोलिसांची गाडी घेऊन?"

"हो."

"शेजारच्यांनी पाहिलं?"

"पाहिलं."

"अरे यार..." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. "सर, दर गुरुवारी त्या मला डबा आणतात. त्यांना काय विचारता? कार्डं माझ्याजवळ आहेत. घरी, कपाटात. पिशवीत घालून ठेवलीत नीट."

मग सगळे बाहेर आले. बोर्ड चांगला होता. फक्त मेमरी आणि वरचा धातूचा पत्रा यांच्यामधले उष्णता वाहून नेणारे मऊ पॅड अर्धा मिलीमीटर पातळ पडले होते. चाळिसाव्या मिनिटाला तापमान मर्यादेबाहेर जाई. अहवाल पाठवायची मुदत उलटत होती, म्हणून त्याने उरलेला अर्धा तास मनाने लिहिला आणि पुढच्या नमुन्यांत सुधारू असे ठरवले. शुक्रवारी मालकांनी आनंदाने जाहीर केले, की चिप कंपनीचे लोक बुधवारी येऊन हीच सहा कार्डे स्वतः चालवून बघणार. जाड पॅड मंगळवारी येणार होती. कार्डे घरी नेऊन पॅड बदलायची आणि गुपचूप परत ठेवायची, असा त्याचा बेत होता. मालक सोमवारी लवकर येऊन कपाट उघडतील, हे त्याच्या हिशोबात नव्हते.

"कालच का नाही सांगितलंस?"

"नोकरी गेली तर साठ दिवस मिळतात सर. दुसरी नाही लागली तर देश सोडायचा. आणि बुधवार माझ्यामुळे गेला, तर अठरा लोकांना तोंड कसं दाखवू?"

दुपारी आम्ही दोघे कार्डे घेऊन कंपनीत गेलो. मालक त्याला जे बोलले ते छापण्यासारखे नाही. ओरडून थकल्यावर ते खुर्चीत बसले. टेबलावर पॅडचे पाकीट आलेलेच होते.

"साहेब," ते मला म्हणाले, "माझी चोरीची तक्रार नाही. कार्डं माझी, माणूस माझा. आत्ता पॅड बदलली की उद्या सगळं व्यवस्थित चालेल. तुम्ही फक्त 'माल सापडला' एवढंच लिहा. कशासाठी नेला ते कशाला?"

"माल सापडला हे लिहीन," मी म्हणालो. "कुठे आणि का, तेही लिहीन. तो कागद मी कुणाला वाटत फिरणार नाही. पण जे झालं तेच त्यात असेल."

"म्हणजे उद्या त्यांना मी काय सांगू? महिन्यापूर्वी खोटे आकडे पाठवले म्हणून? ते निवडतील मला?"

उत्तर मागच्या टेबलावरून आले. काकूंनी हातातला ब्रश खाली ठेवला नव्हता.

"परत आलेल्या मालाबरोबर लोक काय लिहितात, ते मी रोज वाचते. 'पाठवायच्या आधी कुणी बघितलं नव्हतं का?' असं असतं त्यात. दुसऱ्यांच्या कार्डाबद्दल वाचते म्हणून निभावतं. आपल्या नावाखाली मला ते वाचायला लावू नका."

मालक उठले, केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतले. काचेतून आम्हाला ते फोनवर बोलताना दिसत होते, बसून नव्हे, उभे राहून. वीसेक मिनिटांनी बाहेर आले. "सगळं सांगितलं. बुधवार कॅन्सल केला त्यांनी," म्हणाले. आणि इंजिनिअरला: "बघत काय बसलास? पॅड बदल. पूर्ण तास चालव. आणि जे येईल ते लिही."

गुन्हा घडलाच नाही, असा शेरा मारून मी केस बंद केली. परतताना काकूंच्या गल्लीत थांबलो, समोरच्या दोन्ही घरांची दारे वाजवली आणि त्या बाईंवर कसलाही आळ नाही, असे सांगितले. हे कुठल्याच नियमावलीत लिहिलेले नाही.

त्या वर्षी कंपनीची निवड झाली नाही. चार ओळींचे पत्र आले, असे मालकांनी सांगितले. पंखे आणि दुरुस्ती यांवर त्यांनी दिवस काढले, पण इंजिनिअरला काढले नाही. पुढची चिप आली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. मालकांचा फोन आला: चिप कंपनीच्या त्या बाईंनी इंजिनिअरला थेट फोन करून सांगितले होते, की तुमचा अहवाल नको, चाचणीची कच्ची रीडिंग्ज पाठवा. ती पाठवली. कंपनीला एकाच मॉडेलसाठी थोड्याशा चिप्स मिळाल्या, आसपासच्या मोजक्या दुकानांत विकण्यापुरत्या.

नोकरीत शिरलो तेव्हा मला वाटे, की लोक लोभापायी खोटे बोलतात. या केसने मला शिकवले, की माझ्या समोर बसलेल्यांपैकी पुष्कळ जण नुसते घाबरलेले असतात. त्यांच्या खोट्याला मागाहून बसवलेल्या रीडिंगसारखा नेटकेपणा असतो. अशा माणसाशेजारी उभे राहून दोलने पुन्हा मोजणारा कोणीतरी हवा असतो. मला ते सर मिळाले होते. इंजिनिअरला काकू मिळाल्या.

गेल्या महिन्यात दारात एक पार्सल आले. ग्राफिक्स कार्डाचे कोरे करकरीत खोके, आणि त्यावर त्या अठरा माणसांच्या कंपनीचे नाव ठळक छापलेले. आत फोमच्या खाचेत बेसनाचे लाडू, अख्खे. वर एक घडी घातलेला कागद होता. एका तासाची रीडिंग्ज, इंजिनिअरच्या हातची: एकसष्ट, अडुसष्ट, पासष्ट, बहात्तर, एकोणऐंशी, सत्त्याहत्तर. शेवटपर्यंत एकही रेघ सरळ नव्हती. खाली काकूंच्या अक्षरात लिहिले होते, 'आता रिपोर्ट लिहायचा नाही ना?'

मी खुर्ची खिडकीशी ओढली आणि लाडू खाल्ला.